परळला एकदा जमलं, ते पुन्हा करा
खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि राज्यातल्या सर्व शासकीय व महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते

सादर नमस्कार.

एकतीस वर्षं मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम केलं. जखमेचा पू, लघवी, रक्त, थुंकी यांतले जंतू प्लेटवर वाढवायचे, त्यावर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या, प्लेट रात्रभर उबवायची आणि सकाळी पट्टी घेऊन प्रत्येक चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मोजायचं. वर्तुळ पुरेसं मोठं असेल तर औषध लागू पडणार. वर्तुळच नसेल तर त्या औषधापुढे 'आर' लिहायचा. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू औषधाला बधत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा एका रिपोर्टवर एखाद-दुसरा आर यायचा. निवृत्त होताना अतिदक्षता विभागातून आलेल्या नमुन्यांवर रकानाच्या रकाना आर लिहिण्याची सवय झाली होती, आणि अशी सवय होणं मला फार लागत होतं.

२०१७ साली असा एक रिपोर्ट माझ्या घरातल्या माणसाचा होता. सांगोल्याकडे आमच्या थोरल्या बहिणीची डाळिंबाची बाग आहे. भाऊजींना मधुमेह. बागेत पायाला काटा लागला, जखम आठवडाभर अंगावर काढली, गावातल्या दुकानातून आणलेल्या गोळ्या तीन दिवस घेतल्या, मग सोडल्या. पाय सुजला तेव्हा शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. तिथेही पहिले सहा दिवस कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, नमुना पाठवला नाही. महागडी इंजेक्शनं मात्र बदलत राहिली. नमुना आला तोवर जंतू रक्तात उतरले होते. प्लेट मीच वाचली. क्लेब्सिएला नावाचा जिवाणू होता. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अमिकॅसिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, शेवटी मेरोपेनेम, एकाही चकतीभोवती वर्तुळ नव्हतं. चकत्यांच्या कडेपर्यंत जंतू भिडले होते.

उरलं होतं कोलिस्टिन. त्याची चकती भरवशाची नसते, औषध खळग्याखळग्यांत पातळ करत जाऊन तपासावं लागतं. आमच्याकडे ती सोय नव्हती म्हणून नमुना पुण्याला पाठवला आणि उत्तराची वाट न पाहता इंजेक्शन सुरू झालं. कोलिस्टिन जुनं औषध आहे. मूत्रपिंडाला आणि नसांना इजा करतं म्हणून १९७०च्या दशकात ते जवळजवळ बाजूला ठेवलं गेलं होतं. बाकी औषधं चालेनाशी झाली तेव्हा नाइलाजाने ते परत आलं. भाऊजींच्या अंगातला क्लेब्सिएला त्याने मारला, पण मूत्रपिंडंही गेली. पुढचे चौदा महिने आठवड्यातून दोनदा ते डायलिसिसला जात होते. त्यानंतर ते गेले.

औषधाने जंतू मारला आणि माणूसही संपवला, हा तिढा मला तेव्हा सुटणारा वाटत नव्हता. आपल्याच राज्यात, आपल्याच एका सार्वजनिक रुग्णालयात तो एका दुसऱ्या औषधापुरता सुटलेला होता, हे मला चार वर्षांनी कळलं. हे पत्र त्यासाठी आहे.

२०२१च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने राज्यात थैमान घातलं तेव्हा ॲम्फोटेरिसिन हा शब्द कितीतरी घरांना पाठ झाला. आपल्याला त्या रांगा आठवत असतील. डॉक्टर चिठ्ठीवर मुद्दाम 'लायपोसोमल' असं लिहून द्यायचे आणि नातेवाईक विचारायचे, साधं मिळतंय ते का नको? साधं ॲम्फोटेरिसिन बुरशी मारतं, पण मूत्रपिंडाची नासाडी करतं. लायपोसोमलमध्ये तेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म पुटकुळ्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, बसवलेलं असतं. त्यातल्या सर्वांत परिचित औषधाची एक पुटकुळी शंभर नॅनोमीटरपेक्षाही लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी असते. त्या आवरणामुळे औषध मूत्रपिंडात कमी उतरतं आणि संसर्गाच्या जागी जास्त पोचतं, म्हणून मोठी मात्रा देता येते. नॅनो-औषध ते हेच. आपण सगळ्यांनी ते पाहिलं, त्यासाठी दागिने मोडले, फक्त त्याला नॅनो म्हणतात हे कुणी सांगितलं नाही.

आणि हे तंत्र आपल्याला परकं नव्हतं. परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातले प्रा. बी. के. बच्छावत यांच्या सहकार्याने लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन भारतात घडवलं. महापालिकेच्या रुग्णालयातल्या रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या आणि पुढे ते 'फंगिसोम' या नावाने बाजारात आलं. ते वापरायला थोडं किचकट होतं. देण्याआधी ते ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्रात हलवून घ्यावं लागे. पण परदेशी औषधाची किंमत परवडत नव्हती अशा काळात ते इथे तयार झालं. ज्या वॉर्डात एका खाटेवर दोन रुग्ण असतात, त्या वॉर्डातून जगातल्या मोजक्या नॅनो-औषधांपैकी एक बाहेर आलं! त्याबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात एक ओळसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटतं.

याच जातीच्या औषधाने बिहारात काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. काळा आजार (वाळूमाशीच्या चाव्यातून होणारा परजीवीचा आजार) झालेल्या रुग्णाला पूर्वी साध्या ॲम्फोटेरिसिनची पंधरा सलाइनं, एक दिवसाआड, महिनाभर रुग्णालयात पडून घ्यावी लागत. बनारस हिंदू विद्यापीठातले डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी मुझफ्फरपूरला केलेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. लायपोसोमलची एकच मात्रा, एकदाच, आणि शंभरातले पंचाण्णवच्या वर रुग्ण बरे. मजुरी बुडवून महिनाभर खाटेवर पडायचं की एका दिवसात घरी जायचं, हा फरक त्या कुटुंबांसाठी केवढा असेल!

बुरशी झाली, परजीवी झाला. पण माझ्या प्लेटवर जिवाणू होते, आणि जिवाणूंच्या बाबतीत गाडं अजून अडलेलं आहे. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं औषधाला न बधणाऱ्या जिवाणूंमुळे थेट गेली, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०२२ मध्ये छापला. क्लेब्सिएलाला मेरोपेनेमपासून वाचवणाऱ्या एनडीएम या जनुकाच्या नावातच 'न्यू डेल्ही' हे आपल्या राजधानीचं नाव आहे. ते नाव ठेवलं तेव्हा आपण अपमान झाला म्हणून रागावलो. मीही रागावले होते. पण जंतू काही नाव बदलून जाणार नव्हता.

जिवाणूंसाठी लायपोसोममधलं औषध अजिबातच नाही असं नाही. अमिकॅसिन हे आपल्या प्रत्येक तालुक्यात मिळणारं जुनं इंजेक्शन. तेच लायपोसोममध्ये भरून वाफेवाटे फुप्फुसात द्यायचं औषध अमेरिकेत २०१८ साली मंजूर झालं. क्षयाच्या जंतूचे काही चुलतभाऊ फुप्फुसातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींमध्ये घर करून बसतात. या पेशी बाहेरचं काही दिसलं की गिळतात, तशा त्या पुटकुळ्याही गिळतात. म्हणजे ज्या पेशीत जंतू लपलाय तीच पेशी औषध आत ओढून घेते. किती सुरेख युक्ती आहे! एरवी अमिकॅसिन त्या पेशीत नीट शिरत नाही.

त्याच वर्षी लायपोसोममध्ये भरलेलं, श्वासावाटे घ्यायचं सिप्रोफ्लॉक्सॅसिन मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परत पाठवलं. दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत फायदा दिसला, दुसरीत दिसला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याकडे नॅनो म्हटलं की जादू असं समजलं जातं. जादू नाही. रक्तात सोडलेले नॅनोकण बहुतेक यकृत आणि प्लीहेत जाऊन अडकतात, हवे तिथे पोचतातच असं नाही. क्लेब्सिएलासारख्या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातली दारं जेमतेम एक नॅनोमीटर रुंद असतात, त्यातून शंभर नॅनोमीटरचा कण आत जात नाही. कणाने दाराशी जाऊन औषध सोडायला हवं. ते फार हळू सोडलं तर जंतूला रोज थोडं थोडं औषध चाखायला मिळतं आणि तो आणखी पक्का होतो. भाऊजींनी तीन दिवस गोळ्या घेऊन सोडल्या तेव्हा जे झालं, तेच मग महागड्या कणाकडून होईल.

चांदीचं उदाहरण घ्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या नॅनोकणांचं जखमेवर लावायचं जेल तयार केलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २००९चा आहे. भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांसाठी हे मोलाचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण 'चांदीला जंतू कधीच सरावत नाहीत' असं जे ठोकून दिलं जातं ते खरं नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या जळित विभागात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता. २०१८ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवलं की काही जिवाणू आपल्या शेपटीचं प्रथिन बाहेर सोडून चांदीच्या नॅनोकणांच्या गुठळ्या करतात. गुठळी झाली की कणाची धार गेली. त्याच अभ्यासात डाळिंबाच्या सालीच्या अर्काने ते प्रथिन रोखलं गेलं. सांगोल्याच्या माणसाला ही ओळ वाचून काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. बहिणीला वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ बागेकडे बघत बसली. आणि आपण? मोजे, पाण्याच्या बाटल्या, कपडे धुण्याची यंत्रं यांत नॅनो-चांदी घालून विकू देतो. गटारात उतरणारी ती चांदी तिथल्या जंतूंना सराव देईल आणि उद्या भाजलेल्या लेकराला ती लागू पडणार नाही. पशुखाद्यातलं कोलिस्टिन २०१९ साली बंद केलं तसा विचार चांदीचा आजच व्हायला हवा.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, जी आपल्यापर्यंत क्वचितच पोचत असेल.

आपल्या विद्यापीठांतून नॅनोकणांवर शोधनिबंध उदंड निघतात. निवृत्तीनंतर मी ते वाचायला लागले. कडुलिंबाचे कण, तुळशीचे कण, हळदीचे कण. जवळजवळ प्रत्येकात जंतू कोणता? एटीसीसी २५९२२. हा ई. कोलाय जातीचा जिवाणू अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९४६ साली मिळालेला. जगभरच्या प्रयोगशाळा आपल्या चकत्या बरोबर आहेत का हे ताडून पाहण्यासाठी तो वापरतात. तो स्वभावाने गरीब आहे, त्याला साधी औषधंसुद्धा लागू पडतात. मीही दर आठवड्याला तोच वापरायचे. आपल्या अतिदक्षता विभागात २०२०च्या दशकात माणसं मारणारे जंतू त्याचे नातेवाईक असतील, पण त्याच्यासारखे मुळीच नाहीत. त्याला मारलं म्हणून नॅनोकण रुग्णाला उपयोगी पडेल, हे कसं म्हणायचं?

आणि खरे जंतू कुठे जातात? रिपोर्ट गेला की काही दिवसांनी प्लेटा पिवळ्या पिशवीत आणि पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात. नियम तोच आहे आणि योग्य आहे, प्लेटा साठवत बसणं धोक्याचं असतं. पण भाऊजींचा क्लेब्सिएला मी माझ्या हाताने असा नष्ट केला तेव्हा मनात आलं, हा जंतू पुण्याच्या किंवा माटुंग्याच्या एखाद्या संशोधकाच्या हातात असायला हवा होता. पुण्यात सूक्ष्मजीव जपून ठेवणाऱ्या दोन राष्ट्रीय संस्था आहेत. एक राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, दुसरी राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे. जपण्याचं शास्त्र घरात आहे. फक्त सोलापूर, नांदेड, यवतमाळ, धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून निवडक जंतू, रुग्णाचं नाव न ठेवता, सुरक्षित पेटीतून तिथवर नेणारी वाट नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ही. राज्याची एक जंतुपेढी उभारा. प्रत्येक शासकीय व महापालिका महाविद्यालयाने शेवटच्या औषधांनाही न बधलेले जंतू तिथे जमा करावेत, आणि राज्याच्या पैशावर नॅनोकणांचं काम करणाऱ्याने ते कण या जंतूंवर तपासल्याशिवाय पुढचा हप्ता मिळू नये. एवढ्याने कागदावरचे निम्मे दावे आपोआप गळतील आणि जे उरतील ते खरे असतील.

दुसरी विनंती मोठी आहे. दहा औषधांच्या मागे लागू नका, एक धरा. माझ्या मते ते कोलिस्टिन किंवा त्याचं भावंड पॉलिमिक्सिन बी असावं, कारण तिढा तोच आहे जो ॲम्फोटेरिसिनचा होता: औषध जंतू मारतं आणि मूत्रपिंडही. लायपोसोममध्ये ही औषधं भरण्याचे प्रयोग प्रयोगशाळेत आणि उंदरांवर झालेले आहेत. ते सोपं नाही हे मला माहीत आहे. ॲम्फोटेरिसिन स्निग्ध आवरणात सहज सामावतं, तर कोलिस्टिन पाण्यात विरघळणारं, ते पुटकुळीतून गळतं. पण हा प्रश्न सोडवणारी माणसं कुठे बसतात ते बघा. माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तिथून परळ जवळ, आणि परळला केईएम आणि हाफकिन शेजारीशेजारी. हाफकिन बायो-फार्मा तर आपल्याच विभागाची कंपनी, तिने देशाला पोलिओचे डोस पुरवले. मोठ्या प्रमाणावर लायपोसोम बनवण्याचं ज्ञानही या शहरात आहे. २०१२ साली अमेरिकेत लायपोसोममधल्या कर्करोगाच्या एका औषधाची टंचाई झाली तेव्हा त्यांनी ते मुंबईतल्या सन फार्माकडून मागवलं होतं. नॅनो-औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर केली आहेत. मग अडतं कुठे? या सगळ्यांना एका टेबलाशी बसवणारं कुणी नाही. ते काम मंत्री करू शकतात. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नाही.

खासगी कंपनी हे आपणहून करेल अशी आशा धरू नका. नवं अँटिबायोटिक जपून वापरायचं असतं, म्हणून ते खपत नाही. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीचं प्लाझोमायसिन जून २०१८ मध्ये मंजूर झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. इंग्लंडने मग २०२२ मध्ये वेगळी रीत काढली, किती कुप्या खपल्या ते न बघता औषध उपलब्ध ठेवण्यासाठी कंपनीला वर्षाचे ठरावीक पैसे. आपल्या राज्याला सार्वजनिक रुग्णालयांसाठी हे करता येईल.

किमतीचंही आधीच ठरवा. काळ्या बुरशीच्या वेळी साठ किलोच्या माणसाला दिवसाला सहा कुप्या लागत आणि एका कुपीला हजारो रुपये. औषध होतं, पण बहुतेकांसाठी ते नव्हतंच.

आणि या सगळ्याच्या आधी कल्चर. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास नमुना घेणारी, कोलिस्टिन नीट तपासू शकणारी प्रयोगशाळा आणि तिथे भरलेली पदं. कितीतरी ठिकाणी तंत्रज्ञ कंत्राटी आहेत, कितीतरी ठिकाणी सूक्ष्मजीवतज्ज्ञ नाहीत. कोणता जंतू आहे हेच ठाऊक नसताना अंदाजाने मेरोपेनेम दिलं, तसंच उद्या हे नॅनो-औषध दिलं जाईल आणि पाच वर्षांत माझ्या जागी बसलेली मुलगी त्याच्यापुढेही आर लिहील. अधिष्ठात्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पहिलं महागडं इंजेक्शन देण्याआधी नमुना गेला का, एवढं रोजच्या राउंडला विचारा. भाऊजींच्या बाबतीत ते सहा दिवस कुणी विचारलं नाही.

मी आता साठीच्या पुढे आहे. डोळे चांगले आहेत, हात कापत नाही. जंतुपेढी उभी राहिली तर नमुने लावणं, नोंदवह्या ठेवणं, पोरांना प्लेट वाचायला शिकवणं हे पहिलं वर्षभर मी मानधन न घेता करीन. बहिणीनेही सांगितलंय, डाळिंबाच्या साली लागल्या तर बागेतून पाठवते. पंढरपूरहून मुंबईला रात्रीची एसटी असते, सकाळी मी परळला हजर होईन.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पंढरपूर